अस्सल, नक्कल आणि छायाचित्र

आमच्या घरी १९३८ साली काढलेले एक समूहचित्र आहे. आत्याच्या लग्नानंतर साताऱ्यातील एका स्टुडिओत सगळे कुटुंब बसवून ते काढले. मधल्या खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी, पायाशी मुले आणि मागे उभी राहिलेली तरुण मंडळी. मागच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला नानाकाका आहेत. नीट पाहिले तर ध्यानात येते की त्यांचे डोके शेजारच्या माणसापेक्षा किंचित मोठे आहे. शिवाय बाकी सर्वांच्या चेहऱ्यावर उजेड उजवीकडून पडला असता त्यांच्या एकट्याच्या चेहऱ्यावर तो डावीकडून आला आहे. कारण साधे आहे. नानाकाका त्या दिवशी साताऱ्यात नव्हतेच. ते मध्यप्रांतात जंगल खात्यात नोकरीस होते आणि वरिष्ठांनी त्यांची रजा नामंजूर केली होती. लग्न उरकल्यावर त्यांनी आपला एकट्याचा फोटो टपालाने धाडला. स्टुडिओवाल्याने तो बेताने कातरून मूळ चित्रावर चिकटविला, सांधा कुंचल्याने बुजविला, त्या जोडचित्राचा पुन्हा एकदा फोटो घेतला आणि मग घरोघरच्या प्रती काढल्या.

परमुलखात चाकरी करणाऱ्यांच्या घराण्यांत असली चित्रे दुर्मिळ नाहीत. ज्याला रजा मिळाली नाही तो मागाहून बसविलेला. जो वारला तो जुन्या तसबिरीवरून उतरविलेला. अशा चित्राला खोटे म्हणावे काय? नानाकाका त्या कुटुंबातले होते हे खरे. त्या दिवशी त्या खोलीत नव्हते हेही तितकेच खरे. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने ते चित्र संगणकात घेतले, बुरशीचे डाग काढले, घडीची रेघ मिटविली, काकांचे डोके प्रमाणात आणले, त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेडही इतरांसारखा करून टाकला आणि ते देशोदेशीच्या सर्व नातलगांस एका क्षणात पाठवून दिले. स्टुडिओवाल्याला जे अर्धेमुर्धे साधले होते ते आता पुरे झाले. सांधा दिसत नाही. त्या निमित्ताने छायाचित्रांत फेरफार करण्याचा आणि ती वाटण्याचा इतिहास आम्ही चाळला. त्यातले काही येथे मांडतो.

जुन्या मराठी दफ्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा परिचित असेल. नक्कल करण्यास हरकत नव्हती, परंतु ती नक्कल आहे आणि तिच्या पाठीशी अस्सल कागद आहे, हे तिने स्वतःच सांगावयाचे असे. सरकारी कचेरीतल्या ‘खरी नक्कल’ या शिक्क्यामागेही हीच समजूत आहे. छायाचित्राच्या बाबतीत अस्सल कशास म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता वेडगळ वाटतो. आमच्या मते मात्र या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी तोच आहे.

फेरफाराची गोष्ट सांगताना बहुतेक लोक संगणकापासून प्रारंभ करतात. आम्ही एका सरकारी नोकरापासून करतो. इपोलित बायार हा फ्रान्सच्या अर्थखात्यातील कर्मचारी. कचेरीचे काम सांभाळून त्याने कागदावर थेट छायाचित्र उठविण्याची स्वतःची रीत शोधून काढली होती. परंतु १८३९ साली फ्रेंच सरकारने मानमरातब व निवृत्तिवेतन दिले ते दागेर यास. बायारच्या वाट्याला उपेक्षाच आली. १८४० च्या ऑक्टोबरात त्याने स्वतःचेच एक चित्र घेतले: अंग उघडे, डोळे मिटलेले, मान एका बाजूस कललेली. चित्राच्या पाठीवर त्याने लिहून ठेवले की, हे प्रेत बायारचे असून सरकारने दागेरला सर्व काही दिले व याला काही दिले नाही म्हणून या अभाग्याने पाण्यात जीव दिला. बायार त्यानंतर सुमारे सत्तेचाळीस वर्षे जगला. छायाचित्राचा शोध जाहीर होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच छायाचित्राने पहिली थाप मारली होती. आणि वाचकांनी हे पाहावे की, चित्रात तिळमात्र फेरफार नव्हता. थाप होती ती पाठीवरच्या मजकुरात.

दागेरची चित्रे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उठत. प्रत्येक चित्र एकुलते एक. त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅलबटने कागदी निगेटिव्ह सिद्ध केली आणि १८४१ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हापासून छायाचित्राला अस्सल व नक्कल असे दोन जन्म मिळाले. निगेटिव्ह ही अस्सल. तिच्यावरून काढलेल्या प्रती ह्या नकला. वाटणे शक्य झाले ते या व्यवस्थेमुळे आणि सुधारणे शक्य झाले तेही हिच्यामुळेच. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याची युक्ती काढली. भेटकार्डाच्या आकाराची ही चित्रे पुढे इतकी लोकप्रिय झाली की, ती देण्याघेण्याची लोकांना चटकच लागली. जवळपास त्याच सुमारास, म्हणजे १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात, म्यूनिकच्या हान्फस्टेंगल याने निगेटिव्हवर हात फिरविण्यापूर्वीचे व नंतरचे चित्र शेजारी शेजारी मांडून दाखविले. निगेटिव्हमध्ये सुरकुतीची जागा पातळ असते. तेथे टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक रेघोट्या भरल्या की प्रतीवर ती जागा उजळते आणि दहा वर्षे गळून पडतात. पुढे शंभर वर्षे जगातल्या यच्चयावत स्टुडिओंत याच कामावर माणसे बसविलेली असत. आपल्या आजीचा चेहरा जुन्या फोटोत संगमरवरी का दिसतो, त्याचे उत्तर त्या शिसपेन्सिलीत आहे.

ही विद्या आपल्याकडे पोहोचण्यास उशीर लागला नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील छायाचित्रकारांपैकी होते. परंतु हिंदुस्थानने या विद्येला जे वळण दिले ते निराळेच होते. युरोपात रंगारी छायाचित्रावर हलका हात फिरवी. आपल्याकडे चित्रकार त्यावर असा काही रंग चढवीत की, खालचा फोटो जवळजवळ दिसेनासा होई. उरे तो फक्त चेहरा. नाथद्वाऱ्यास तर याहून पुढची पायरी गाठली गेली. श्रीनाथजीसमोर हात जोडून उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाचे चित्र रंगवावयाचे आणि त्यातील माणसांच्या धडांवर त्यांच्या फोटोतून कापलेले चेहरे डकवावयाचे, अशी तेथे प्रथाच होती. देव रंगविलेला, भक्त छापलेला! ही ‘मनोरथ’ चित्रे पाहताना कोणाच्याही मनात फसवणूक झाल्याची भावना येत नाही. अमका गृहस्थ अमक्या घटकेस तेथे अशा पोशाखात उभा होता, अशी साक्ष ते चित्र देतच नाही. देवासमोर असावे ही त्याची इच्छा होती, एवढेच ते सांगते. आमच्या नानाकाकांचे चित्र या कुळातले आहे.

याच्या उलट जातीचे एक चित्र लखनौचे आहे. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या वसंतात तेथे पोहोचला. सिकंदरबागेत जी कत्तल झाली होती ती १८५७ च्या नोव्हेंबरातली. बिआतोच्या चित्रात भग्न इमारतीपुढच्या अंगणात मानवी सांगाडे विखुरलेले दिसतात. एवढ्या महिन्यांनी ते तसे पडलेले असणे संभवनीय नव्हते. चित्रासाठी हाडे बाहेर काढून मांडली गेली असे अभ्यासकांचे मत आहे. निगेटिव्हला कोणी हात लावला नाही. काचेवर जे उमटले ते कॅमेऱ्यापुढे खरोखरच होते. तरीही ते पाहताना पोटात जी कालवाकालव होते तिला एक निराळी किनार आहे: कत्तल झाली हे खरे आणि तिचा देखावा मात्र मांडलेला. नाथद्वाऱ्याच्या चित्रात कातर चालली आहे, लखनौच्या चित्रात नाही. आणि विश्वास ठेवावयाचा तर आम्ही पहिल्यावर अधिक ठेवू.

स्तालिनच्या राजवटीतील प्रकार सर्वश्रुतच आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्तालिनशेजारी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह १९४० साली देहदंडास पात्र ठरला आणि पाठोपाठ चित्रातूनही गेला. त्याच्या जागी पाणी वाहू लागले. ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, याचे एकच कारण: आधीचे चित्र कोठेतरी शिल्लक राहिले. राजसत्तेला फेरफार साधला, परंतु अस्सल सर्वत्र नाहीसे करणे साधले नाही. चांदीच्या युगाचे हेच मोठे संरक्षण होते.

आता संगणकाकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात रसेल कर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळून तो उजेडाच्या साह्याने वाचणारे यंत्र जुळविले. यंत्रास दिलेला फोटो होता कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. आकार पाच सेंटिमीटर चौरस. यंत्राने त्याचे उभे १७६ व आडवे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके केले. संगणकात शिरलेले हे पहिले छायाचित्र. सरकारी यंत्र, सरकारी वेळ, आणि फोटो घरच्या बाळाचा! हिशेब तपासनीसाने यावर काय शेरा मारला असता याची कल्पना वाचक करू शकतील. परंतु त्या तीस हजार ठिपक्यांत एक मोठी गोष्ट घडून गेली. चित्र हे आता पदार्थ राहिले नाही. आकड्यांची यादी झाली. आकडा खोडून दुसरा लिहिला तर खाडाखोड दिसत नाही. आणि यादीची नक्कल केली तर नक्कल कोणती व यादी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

आकडे पुष्कळ असतात, तारा अरुंद असतात. म्हणून चित्र आटोपशीर करण्याची विद्या निघाली, आणि तिचा पाया घालणारा मनुष्य बंगळूरचा. नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवीत होते. १९७२ साली त्यांनी आपली कल्पना घेऊन तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले; ते नाकारले गेले. एका परीक्षकाचा अभिप्राय असा पडला की, कल्पना फारच सोपी आहे. अहमद यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. ती ‘फारच सोपी’ कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील उजेडाचा चढउतार मोठ्या व बारीक लहरींच्या बेरजेत मांडावयाचा. आणि ज्या बारीक लहरी डोळ्यांस जाणवत नाहीत त्या ढोबळ करून टाकावयाच्या. १९९२ साली ठरलेले ‘जेपेग’ हे प्रमाण याच पायावर उभे आहे. आज आपण नातवंडांचे जे फोटो उघडतो त्यांतील बहुतेकांच्या पोटात बंगळूरच्या या प्राध्यापकाचे गणित चालू असते. गंमत ही की, या रीतीने साठविलेले चित्र उघडून, काही बदल करून पुन्हा साठविले की प्रत्येक वेळी थोडेसे झिजते. नकलेवरून नक्कल काढणाऱ्या कारकुनाच्या हातून जसे काने-मात्रे गळत, तसाच हा प्रकार. पदार्थ नाहीसा झाला, पण झीज तेवढी राहिली.

फेरफाराचा पहिला गाजलेला डिजिटल प्रसंग १९८२ चा. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्या वर्षीच्या फेब्रुवारी अंकाच्या उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून आडव्या फोटोतील गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले. पुढे टीका झाली आणि मासिकाला खजील व्हावे लागले. त्या काळी असे काम करणारी यंत्रे फक्त बड्या मुद्रणालयांना परवडत. ही मक्तेदारी मोडली ती दोन भावांनी. मिशिगनमधील अॅन आर्बर येथे ग्लेन नोल हे अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक राहात. त्यांच्या घराच्या तळघरात छायाचित्रे धुण्याची काळोखी खोली होती, आणि थॉमस व जॉन हे त्यांचे मुलगे तेथेच वाढले. थॉमस डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहीत असता १९८७ साली त्याला आढळले की, आपल्या मॅकिन्टॉशचा पडदा काळा किंवा पांढरा एवढेच जाणतो, करडा त्याला ठाऊक नाही. त्याने करड्या छटांचा भास करून देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. जॉन चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांच्या धंद्यात होता. त्याने भावाला आणखी सोयी घालण्याचा लकडा लावला. प्रबंध बाजूस राहिला. आरंभी हे सॉफ्टवेअर एका स्कॅनरसोबत सुमारे दोनशे लोकांच्या हाती पडले. मग अॅडोबी कंपनीने ते घेतले आणि १९९० च्या फेब्रुवारीत ‘फोटोशॉप’ नावाने बाजारात आणले. ते उघडताना पडद्यावर झळकणाऱ्या नामावळीत सीतारामन नारायणन हे नाव अनेक वर्षे ठळकपणे दिसे, ते आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल.

या सॉफ्टवेअरमधील अवजारांची नावे वाचली की ते तळघर डोळ्यांपुढे उभे राहते. ‘डॉज’ म्हणजे प्रत काढताना एखाद्या जागेवर हाताची सावली धरून ती उजळ ठेवणे. ‘बर्न’ म्हणजे उलट तिला जास्त उजेड देऊन गडद करणे. बापाच्या काळोख्या खोलीत जे हात करीत, ते मुलांनी गणितात उतरविले. आणि प्रात्यक्षिकासाठी जॉन जे चित्र वापरी ते कोणते? बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या त्याच्या वाग्दत्त वधूचे. तिची दुसरी प्रतिमा शेजारी बसविणे, एक बेट अधिक काढणे, असले खेळ करून तो गिऱ्हाइकांना थक्क करी.

फोटो वाटण्याचा नवा प्रकारही असाच घरातून निघाला. १९९७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे फिलिप कान हा गृहस्थ पत्नीच्या बाळंतपणासाठी रुग्णालयात बसला होता. त्याने तेथल्या तेथे आपला डिजिटल कॅमेरा, मोबाइल फोन आणि मांडीवरचा संगणक एकमेकांस जोडले आणि नवजात मुलीचा फोटो सुमारे दोन हजार परिचितांस पाठविला. कर्शचे बाळ, नोलची वधू, कानची मुलगी! इतिहासात हे विद्युत्-चित्रांचे युग मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या नावाने लिहिले जाते. आम्हांस मात्र त्याच्या प्रत्येक दाराशी कोणीतरी घरचे माणूस उभे दिसते. दूरच्या ठाण्यावर बसून टपालातून आलेला फोटो ज्यांनी दहादा पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

सर्वसामान्य माणसाच्या घरी हे अवजार आणून पोहोचविण्याचे श्रेय आम्ही ‘पिकासा’ नावाच्या सॉफ्टवेअरला देऊ. २००२ साली निघालेले हे साधन २००४ मध्ये गूगलने घेतले आणि फुकट वाटले. त्याची एक रीत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. तुम्ही फोटो उजळला, वाकडा होता तो सरळ केला, कडा कापल्या, तरी मूळ चित्राला ते हात लावीत नसे. केलेल्या सुधारणांची टिपणे शेजारी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवी आणि दाखविताना त्या टिपणांप्रमाणे दाखवी. बदल कायम करा असे सांगितलेच, तर मूळ चित्र आधी एका दडविलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवी. दफ्तरदाराने अस्सल कागद पेटीत जपावा आणि बैठकीत नक्कल मांडावी, तशी ही व्यवस्था होती. २०१६ साली गूगलने पिकासा बंद केले. पुष्कळांनी आपली चित्रे नव्या संगणकावर नेली आणि मग त्यांना आढळले की, वर्षानुवर्षे केलेल्या सुधारणा दिसत नाहीत. चित्रे पूर्ववत वाकडी व काळवंडलेली आहेत. त्या टिपणांची भाषा वाचणारा नोकरीवरून गेला होता. तक्रारी झाल्या. आम्ही म्हणू, त्यांचे नुकसान झाले ते नकलेचे, अस्सल वाचले.

त्यानंतरच्या काळात दोष उलट्या बाजूचा आहे. फोनमधून निरोपासोबत जो फोटो जातो तो जाताना पुन्हा आवळला जातो, आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्राने, कोणत्या ठिकाणी काढला ही पोटातली नोंद सामान्यतः वाटेतच गळून पडते. (व्हॉट्सअॅपवर तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडला तर नोंद शाबूत राहते, ही सूचना कामाची आहे म्हणून देऊन ठेवतो.) फिरते ती नक्कल, अस्सल एखाद्या जुन्या फोनमध्ये पडून राहते आणि त्या फोनबरोबर जाते. आणि २०२३ पासून तर फोटोशॉपमध्ये शब्दांत मागणी करताच नसलेली वस्तू चित्रात उमटू लागली. २०२४ साली गूगलच्या एका फोनमध्ये अशीही सोय आली की, फोटो काढणाऱ्याने मागाहून समूहात उभे राहावे आणि यंत्राने दोन्ही चित्रे बेमालूम सांधावीत. साताऱ्याच्या स्टुडिओवाल्याचा धंदा आता खिशात आला आहे.

येथे आमच्या वाचकवर्गाशी थेट भिडणारा भाग सुरू होतो. कारण फोटो आता घरात जितका असतो तितकाच फाइलीत असतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने छायाचित्राचा विचार तेव्हाच केला होता. एकाच प्रक्रियेने निघालेल्या अनेक प्रती ह्या परस्परांपुरत्या मूळ पुरावा, परंतु त्या सर्वांचे मूळ निराळे असेल तर त्याच्या बाबतीत नव्हे. आणि मूळ दस्तऐवजाचा फोटो हा दुय्यम पुरावा, तोही ज्याचा फोटो घेतला ती वस्तू मूळ होती हे सिद्ध झाले तर. किती विचारपूर्वक घातलेली अट आहे ही! २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यात संगणकीय नोंदींसाठी प्रमाणपत्राचे कलम घातले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने आणखी दोन गोष्टी केल्या. एक, डिजिटल नोंद एकाच वेळी किंवा क्रमाने अनेक फाइलींत साठविली गेली असेल तर त्यांतील प्रत्येक फाइल मूळ पुरावा समजावी, असे सांगितले. अस्सल एकच असते ही जुनी समजूत कायद्याने येथे सोडून दिली. दोन, प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘हॅश’ नमूद करावयास लावला. हॅश म्हणजे फाइलीतील सर्व आकड्यांवरून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण. चित्रातील एक ठिपका बदलला तरी सगळी खूण बदलते.

व्यवस्था चोख आहे, आणि तरीही तिच्याकडे पाहताना बिआतोची हाडे आम्हांस आठवतात. एखादा सज्जन मनुष्य खरा फोटो फोनवरून पाठवितो. वाटेत तो आवळला जातो. डोळ्याला तिळमात्र फरक दिसत नाही, पण खूण पार निराळी होते. उलट एखाद्याने खोट्या चित्राचाच फोटो घेतला तर त्या फाइलीची खूण निर्दोष येते, तारीख निर्दोष येते, ठिकाणही निर्दोष येते. हा तर्क नव्हे. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत (जिची पहिली कल्पना वि. स. पागे यांच्या महाराष्ट्रातील योजनेची) मजुरांची हजेरी फोनवरून, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो काढून घेण्याची पद्धत २०२१ साली सुरू झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून राज्यांस कळवावे लागले की, कामाशी संबंध नसलेले फोटो चढविले जात आहेत, आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष मजुरांऐवजी फोटोचाच फोटो काढून हजेरी भरली जात आहे. कोणतेही सॉफ्टवेअर लागले नाही, शिसपेन्सिलही नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने घातलेली अट, की ज्याचा फोटो घेतला ती वस्तू मूळ होती हे सिद्ध करा, तेवढी कोणी विचारली नाही. आणि त्या मस्टराच्या दुसऱ्या टोकाला ऊन खाऊन खरोखर राबलेला मजूरही असतो, ज्याचा चेहरा नीट न उमटल्यामुळे किंवा फोटो चढविता न आल्यामुळे दिवस बुडतो, हे ज्यांनी जिल्ह्यात काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

अॅडोबीनेच २०१९ साली पुढाकार घेऊन आणि २०२१ पासून इतर कंपन्यांसह एक नवी रीत आखली आहे. चित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढले, पुढे त्यात कोणी काय बदलले, याची मोहोरबंद वंशावळ चित्राबरोबरच चालावी, अशी ही योजना. कातर विकणाऱ्याच्याच दुकानात आता मोहोरही मिळते. आम्ही तिला नावे ठेवीत नाही. नक्कल करणाऱ्याने नक्कल असल्याचे लिहावे हा आपल्या दफ्तरदारांचाच दंडक आहे. मात्र ही वंशावळही शेवटी चित्राच्या पाठीवरचा मजकूरच, आणि पाठीवरच्या मजकुराचे काय करता येते ते बायारने १८४० मध्ये दाखवून ठेवले आहे.

आमच्या समूहचित्राच्या पाठीवरही मजकूर आहे. आजोबांनी स्वतःच्या हाताने, मोडीत, रांगेवार सर्वांची नावे लिहिली आहेत आणि शेवटी एक ओळ आहे: चि. नाना हजर नव्हता, रजा मिळाली नाही, फोटो मागाहून बसविला. पुतण्याने स्कॅन केली होती ती फक्त पुढची बाजू. आम्ही मागचीही करून सर्वांस पाठविली. तिला जाताना निराळे चित्र म्हणूनच जावे लागले, कारण दोहोंस पाठीला पाठ लावून धाडण्याची सोय आम्हांस सापडली नाही. पोच आली. खाली पुतण्याने विचारले होते की, काका, ह्या रेघा कसल्या आहेत, साफ करून देऊ का? त्याच रात्री आम्ही त्याला फोन लावला आणि ती ओळ अक्षर अक्षर फोडून वाचून दाखविली. त्याने ती देवनागरीत उतरवून घेतली.